सांवेरच्या बसचा टर्बो

मधुरिमाने टर्बो दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा घरात कुणालाच टर्बो म्हणजे काय ते धड ठाऊक नव्हतं. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं तिने आईला समजावलं. कुमुदिनीबाईंनी त्यातून घेतलं ते इतकंच, की लेकीचं पहिलं काम आहे आणि पहिल्या कामाची पूजा झालीच पाहिजे. ती त्यांनी दुकानात येऊन साग्रसंगीत केलीही.

ते पहिलं काम तुकोजींच्या बसचं होतं. तुकोजी म्हणजे सांवेर गावाला जाणाऱ्या बसच्या लाइनवरचं बडं प्रस्थ. त्यांनी मान डोलावली की बाकीचे बसवाले डोळे मिटून त्या दुकानात गाडी लावतात, आणि नाक मुरडलं की तिकडे कुणी फिरकत नाही. मधुरिमाने जीव ओतून टर्बो दुरुस्त केला आणि त्या आनंदात स्वतःच बसला चढवला.

आठवडा होतो न होतो तोच बस परत! शिट्टी वाजवत, काळा धूर ओकत, आणि मागोमाग तुकोजी.

"बेटा, पूरे स्टँडवर तुझी तारीफ करून आलो मी. आता तोंड काय दाखवू?"

मधुरिमाने टर्बो उतरवून टेबलावर घेतला. तेलाची गळती नव्हती. पंख्याचा दांडा बोटाने हलवून पाहिला, तर तोही ठाकठीक. मग पात्यांवर टॉर्च मारला. कडा उंदराने कुरतडाव्यात तशा झाल्या होत्या.

"काका, बाहेरून काहीतरी कडक आत गेलंय," ती म्हणाली. तिने पुढचा पाइप काढून कागदावर झटकला. तपकिरी चुरा पडला. तुकोजींनी चिमटीत धरून हुंगला.

"सुपारी!"

सगळ्यांच्या नजरा ड्रायव्हर श्रीरामकडे वळल्या. त्याचा गाल नेमका तेव्हाच फुगलेला होता.

"चाबी दे," तुकोजी गरजले. "उद्यापासून येऊ नको!"

"अरे भिया, सुपारी मी खातो, इंजिनला थोडीच खिलवतो?" श्रीराम रडकुंडीला आला.

मधुरिमाचा जीव भांड्यात पडला. आपलं नाव वाचलं! तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या कुमुदिनीबाईंनी तिची ओढणी ओढली आणि कानाशी लागल्या.

"अगं, तो माझा गणपती असेल. सुपारीचा. टेबलावर ठेवला की लुढकायचा, म्हणून तुझ्या त्या पंख्याच्या गोल तोंडात बसवला. छान बसला होता गं! मग शेजारी कमलताईंना प्रसाद द्यायला गेले नि राहूनच गेला."

टर्बो चढवण्याआधी त्याच्या तोंडात टॉर्च मारून बघायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. मधुरिमा तोच विसरली होती. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण समोर श्रीराम खिशातून चाबी काढत होता, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

"काका, त्याला काही बोलू नका. चूक माझी आहे." आणि गणपतीसकट सगळं तिने सांगून टाकलं.

तुकोजी कुमुदिनीबाईंकडे वळले.

"म्हणजे काकू, बाप्पा आमच्या बसमध्ये बसले होते, आणि विसर्जनाऐवजी आम्ही एक्सिलेटर दाबला?"

आणि ते असे हसले, की त्यांना टेबल धरावं लागलं. श्रीरामलाही चाबी खिशात परत घालताना हसू आवरेना. कुमुदिनीबाई तेवढ्या रुसल्या.

मधुरिमाने नवा पंखा बसवला, तोंडात दोनदा टॉर्च मारून पाहिला, आणि संध्याकाळी बस सुटली. जाताना तुकोजी खिडकीतून ओरडले, "ही गोष्ट तर स्टँडवर सांगणारच मी!" संपलं, मधुरिमाला वाटलं. आता सांवेरची एकही बस आपल्या दारात यायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला ती पोचली, तर दारात दोन बसगाड्या उभ्या. पहिल्या बसचा मालक हात जोडून पुढे आला.

"तुकोजी म्हणाले, इथली पोरगी झूठ बोलत नाही आणि तिची आई पूजा करून देते. दोन्ही पाहिजे आम्हाला. फक्त पूजेच्या आधी टर्बोच्या तोंडाला तेवढं झाकण लावा!"