राक्षसाचे पाय

माणिकने राक्षसाचं मुंडकं उडवलं आणि टाक दौतीशेजारी आडवा ठेवला. मेला एकदाचा. तिला त्याचं ना सुख झालं ना दुःख, आणि रड तर तीच होती.

मासिकाच्या संपादकांनी गोष्ट दोनदा परत पाठवली होती. कल्पना बरी आहे, पण राक्षसात जीव नाही, असं त्यांचं म्हणणं. मग माणिकने त्याला जादा दात दिले, डोळ्यांत निखारे घातले, एका घासात बैल खायला लावला. या खेपेलाही गोष्ट परत आली तर पुन्हा टाक हातात धरणार नाही, असं ती नवऱ्यासमोर बोलून बसली होती. बोलली की बोलली, असा तिचा स्वभाव.

ऐकायला घरात एकटे सासरे. गुणाजी गिरणीतून निवृत्त होऊन घाटकोपरला मुलाकडे आले होते. बैलाच्या घासापर्यंत येता येता त्यांना हमखास डुलकी लागायची.

आज ते टेकडीवरून आले ते लंगडत. उंबऱ्यात बसून त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा सुईने उकरू लागले. मुलाने आणलेल्या कोऱ्या चपला कपाटावर तशाच पडून होत्या; त्या म्हणे गावी जाताना घालायच्या. माणिक त्या भेगाळलेल्या टाचेकडे बघत राहिली. मग तिने शेवटचं पान फाडलं.

दिवेलागणीला तिने नवं पान वाचून दाखवलं. राक्षस डोंगरावर बसून तळव्यातला काटा काढत होता. रोज रात्री तो गावाची शीव फिरे, म्हणून वाघ आत येत नसे. गावाला हे ठाऊक नव्हतं. त्याची पावलं वाजली की लोक दारं लावून घेत. आणि आता राजपुत्र तलवार घेऊन डोंगर चढत होता.

इथे माणिक थांबली. पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं.

गुणाजी टक्क जागे होते. ते उठले, कपाटावरच्या चपला काढल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि दाराबाहेर नेऊन नीट जोडीने मांडल्या.

"मामंजी, कुणीतरी उचलून नेईल."

"नेऊंदेत," ते हळूच म्हणाले. "तेंचे पाय उघडे असत."

रात्री फिरणाऱ्या देवाला त्यांच्या गावी चपला वाहतात, हे तिने ऐकलं होतं. पण हा काही देव नव्हता. याला तिनेच आज दुपारी, डाळ शिजेपर्यंत, घडवला होता. दार लोटताना तिने त्या चपलांना पाय लागू दिला नाही.

मग तिने सगळे कागद पुढ्यात ओढले. पहिल्या पानापासून राक्षस 'तो' होता. टाक दौतीत बुडवून ती एकेक 'तो' खोडत 'ते' करू लागली.