तो गप्प झाला तिथं

काकूनं सुरी खाली ठेवली, ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि नवऱ्यानं ओट्यावर ठेवलेला लिफाफा उघडला. आत नाटकाची चार तिकिटं होती. शनिवार दुपार, पुढची रांग, अगदी मधल्या खुर्च्या.

"तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

"चिमणी आणि सर येताहेत, दोन दिवस मजा करायची."

"आणि नाटकाचं नाव काढायचं नाही, हे?"

इंजिनियर नवऱ्यानं कान खाजवला. "नाव काढायचं नाही म्हणालीस. म्हणून तर न बोलता घेऊन आलो."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. साऱ्या शहराला पाणी सोडण्याचं काम करणारा हा माणूस; पण घरात सांगितलेली गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानापर्यंत जाताना कुठं गळायची, ते तिला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. तिनं तिकिटं पुन्हा लिफाफ्यात घातली आणि लिफाफा फडताळात, पिठाच्या डब्यामागं सरकवला.

"कुणाला तरी देऊन टाका. आजच्या आज."

काकू ही कुणाची काकू नव्हती. वसतिगृहात ती सगळ्यांना दटावायची, दूध प्यायलंस का, छत्री घेतलीस का विचारायची, म्हणून चिमणीनं तिला हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पुढं नवराही तेच म्हणायला लागला. बदल्यात तिनं त्या सहा फुटी मुलीला चिमणी म्हणायला सुरुवात केली. आता काकू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि चिमणी आपल्या गावात शाळेत भूगोल शिकवायची. पण चिमणीचं खरं आयुष्य संध्याकाळी सुरू व्हायचं. गावातल्या नाटकमंडळीत ती वीस वर्षं कामं करत होती. राणी, मोलकरीण, वकीलबाई, एकदा तर म्हातारा न्यायाधीश.

मागच्या वर्षी, भरल्या सभागृहात, दुसऱ्या अंकात तिचं वाक्य हरवलं. विंगेतून कुणीतरी ते पुटपुटलं, तेही तिला ऐकू आलं नाही. मग समोरच्या नटानं सांभाळून घेतलं, नाटक पुढं गेलं, पडदा पडल्यावर टाळ्याही झाल्या. पण चिमणी पुन्हा तालमीला गेली नाही. मंडळींपैकी कुणी बाजारात दिसलं की ती गल्ली बदलायची. हे सगळं सरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, फोनवर सांगितलं होतं. सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मोजकं बोलायचे. त्या दिवशी मात्र बराच वेळ बोलले.

"दोन दिवस तिला जरा बाहेर काढतो," ते म्हणाले होते. "खाऊ, फिरू. फक्त नाटक नको. नाटकाचा विषय निघाला की ती जेवणावरून उठते."

पाहुणे संध्याकाळी आले. चिमणी दारातून आत येताना सवयीनं वाकली आणि तिनं काकूला घट्ट मिठी मारली. काकूच्या हाताला तिच्या पाठीची हाडं लागली. ती किती वाळली होती, ते कपड्यांवरून कळत नव्हतं.

जेवायला काकूनं अळिंबीचं सूप केलं होतं आणि भाजलेले बटाटे. चिमणीनं सगळ्याची तारीफ केली, इंजिनियरच्या विनोदांना हसली, सरांना चिमटे काढले. पण तिच्या ताटातले बटाटे इकडून तिकडे फिरत राहिले आणि शेवटी कडेला जाऊन बसले. सरांनी ते पाहिलं. काकूनं सरांना पाहताना पाहिलं. दोघांनीही एकदमच पाण्याचा पेला उचलला.

जेवण झाल्यावर इंजिनियर बाल्कनीत जाऊन फोनवर कुणाला तरी हळू आवाजात पटवत होता. हळू म्हणजे त्याच्या मानानं हळू.

सकाळी चौघं कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. नुकताच भट्टीतून निघालेला पाव, लोणी, उकडलेली अंडी, मोठे कप भरून कॉफी. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. काकूनं दिवसाचा बेत मांडला: आधी नदीकाठी फिरायचं, मग जुन्या वस्तूंचा बाजार, दुपारी चित्रांचं प्रदर्शन.

चिमणीनं पावाचा तुकडा मोडला आणि तो तसाच बशीत ठेवला.

"भावजी, तिकिटं गेली का?"

इंजिनियरच्या घशात कॉफी अडकली. "कसली?"

"काल बाल्कनीत तुम्ही ज्यांना फुकट देत होतात ती. त्या बिचाऱ्याला बहुतेक लग्नाला जायचं होतं."

"ऐकलंस तू?"

"खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं असेल."

काकूनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं नजर थेट लोण्यात रोवली. सर हलक्या आवाजात म्हणाले, "आपण चित्रं बघायला जाऊ. मला बघायची आहेत."

"तुम्हाला चित्रातलं काय कळतं, सर?" चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "वर्षभर तुम्ही सगळे माझ्याभोवती चवड्यांवर चालताय. घरी टीव्हीवर नाटक लागलं तर तुम्ही बातम्या लावता. मला कळत नाही का? मला फक्त खुर्चीत बसायचंय. खुर्चीत बसून काय विसरणार मी?"

इंजिनियरनं लोण्यावरची नजर वर उचलली.

"कडेची खुर्ची मात्र मला," ती म्हणाली. "उठावंसं वाटलं तर उठेन. मागं यायचं नाही कुणी."

पण खुर्च्या रांगेच्या मधोमध होत्या. नाट्यगृहात पोचल्यावर इंजिनियरनं कडेला बसलेल्या एका कुटुंबाला काय सांगितलं देव जाणे, ते मुकाट्यानं उठून आत सरकले आणि जाताना त्यांनी सरांकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. चिमणी वाटेच्या कडेला बसली. तिच्याशेजारी काकू, मग सर, मग इंजिनियर.

दिवे गेले. काकूला पडदा वर गेलेला कळला, पण पहिला बराच वेळ ती नाटक बघतच नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती चिमणीच्या गुडघ्यांवरचे हात बघत होती. ते एकमेकांत अडकलेले होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

नाटक दोन भावांचं होतं. आईच्या मागं घर विकायला काढलेलं, थोरला दूर राहणारा, धाकट्यानं तिची शेवटपर्यंत सेवा केलेली. थोरल्याचं काम करणारा नट पिकल्या मिशांचा, भरदार अंगाचा होता, आणि त्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता. हळूहळू काकूही त्यात शिरली. चिमणीचे हात कधी सुटे झाले ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या अंकात थोरला भाऊ चहा ओततो. ओतता ओतता तो बोलत होता, आणि मध्येच बोलायचा थांबला. किटली हातात, डोळे समोर. पुढचं काहीच आलं नाही.

काकूला ते काही वेगळं वाटलं नसतं. पण तिच्या मनगटावर चिमणीचा हात येऊन आवळला गेला, आणि त्या आवळण्यातून तिला कळलं की हे नाटकातलं नाही. आता ही उठणार, तिला वाटलं. आता ही जाणार आणि परत कधी कुठल्याच नाट्यगृहात पाय ठेवणार नाही. चिमणी पुढं झुकली होती, श्वास रोखून, जणू त्या नटाला खांद्यानं ढकलून पुढं नेणार होती.

धाकट्यानं मान वर केली. "बोल ना, दादा," तो सावकाश म्हणाला. "आईचा विषय निघाला की गप्प होतोस."

थोरल्यानं किटली खाली ठेवली आणि वाक्य सापडल्यासारखा बोलायला लागला. नाटक पुढं चाललं.

मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

चिमणीचा हात काकूच्या मनगटावरच राहिला, पण त्यातला जोर गेला होता. ती वळली आणि काकूच्या कानाशी कुजबुजली, "झालं? एवढंच?"

काकूनं मान डोलावली.

पडदा पडल्यावर लोक उठले, खुर्च्या वाजल्या. मागच्या रांगेतल्या बाई रुमालानं डोळे टिपत आपल्या मैत्रिणीला सांगत होत्या, "बाकी ठीकच होतं गं. पण तो चहा ओतताना गप्प झाला ना, तिथं मला आलंच रडू. काय काम करतो माणूस."

चिमणी वाटेत उभी राहिली. मागच्यांना पुढं जायचं होतं, तिनं अंग चोरून जागा दिली, पण ती हलली नाही. ती त्या बाईंकडे बघत राहिली, बाई दारातून दिसेनाशा होईपर्यंत.

नाट्यगृहाजवळच माशांसाठी नावाजलेलं एक हॉटेल होतं. अजून उजेड होता, म्हणून त्यांना फुटपाथवरचं टेबल मिळालं. भाजलेला मासा आला, लिंबाच्या फोडी, काकडीची कोशिंबीर, पाव. इंजिनियर बोलत होता, कारण कुणीतरी बोलायला हवंच होतं. चिमणी माशाचे काटे काढून बशीच्या कडेला लावत होती.

"सर," ती म्हणाली. "माझ्या वेळी मी किती वेळ अडकले होते?"

सरांनी चमचा खाली ठेवला. "आजच्याएवढंच. थोडं कमीच."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

सर तिच्याकडे बघत राहिले. मग चिमणीच म्हणाली, "सांगितलंत. रोज सांगत होतात."

"हो."

"मला वाटायचं, माझं मन राखताय."

सरांनी लिंबाची फोड उचलली आणि नको तितकी पिळली.

तेवढ्यात हॉटेलच्या दारातून हसण्याचा गलका आला. नाटकातली मंडळी रंग पुसून जेवायला आली होती. पिकल्या मिशांचा नट सगळ्यांत पुढं होता. बसायच्या आधीच त्यानं वेटरला दोन मासे सांगितले, दोन्ही स्वतःसाठी. पाव आला तसा त्यानं तो मोडून तोंडात घातला आणि भरल्या तोंडानं धाकट्याला काहीतरी सांगून हसवलं.

चिमणीनं हात पुसले आणि उठली.

"अगं," काकू म्हणाली.

पण ती गेली होती. त्यांना इथून ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. उंच चिमणी त्या टेबलाशी वाकली. नटानं घास गिळला, उठून खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. तिनं काहीतरी विचारलं. नटानं कपाळाला हात लावला, धाकट्याकडे वळून काही विचारलं, मग बोटं वर करून काही सांगितलं. आणि चिमणी हसली. तोंडावर हात न धरता, मान मागं टाकून, वसतिगृहात हसायची तशी. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी वळून बघितलं.

ती परत आली, खुर्चीवर धपकन बसली.

"काय म्हणालीस त्याला?" काकूनं विचारलं.

"म्हटलं, मीही थोडंफार काम करते. तुम्ही अडकलात तेव्हा मनात काय चाललं होतं, ते सांगा."

काकूनं सरांकडे पाहिलं. 'करते', ती म्हणाली होती. सरांनीही ते ऐकलं होतं. त्यांचा हात पेल्यावर तसाच थांबला होता.

"मग?"

"मग तो म्हणतो, कुठल्या वेळचं विचारताय? आज दोनदा अडकलो."

"दोनदा?" इंजिनियर म्हणाला. "दुसरं कुठं?"

"तेच तर," चिमणी म्हणाली. "मला कळलंच नाही, भावजी. वीस वर्षं नाटकात घालवली आणि मला कळलं नाही." तिनं पावाचा मोठा तुकडा तोडला, माशाला सुटलेल्या रसात बुडवला आणि खाल्ला. मग आणखी एक. बोलत बोलत तिनं आपली बशी संपवली आणि सरांच्या बशीकडे बघितलं. सरांनी ती न बोलता तिच्यापुढं सरकवली, वेटरला हाक मारली आणि आणखी मासा मागवला.

रविवारी सकाळी तिघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चहा पीत होते. बाहेरच्या खोलीत चिमणी झोपली होती, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. काकू दोनदा दारापर्यंत जाऊन आली होती.

"उठवू का, सर? तुमची बस."

"पहाटे उठून बसते ती," सर म्हणाले. "अंधारात. वर्षभर."

खालून त्यांची बस वळण घेऊन गेल्याचा आवाज आला. इंजिनियर काहीतरी बोलणार होता. काकूनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, आवाज खरोखर खाली आणला.

"दुपारची आहे की एक," तो कुजबुजला.

सरांनी मान डोलावली आणि आवाज होऊ न देता खुर्ची ओढून घेतली.