हुकुमदार

त्या साली सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि त्यामुळं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. अमरावतीला रेल्वे अजून पोचली नव्हती, पण येणार येणार म्हणूनच व्यापारी फुगले होते. गावाबाहेरच्या मैदानात रुईच्या गाठींच्या थप्प्या घराएवढ्या उंच झाल्या आणि त्यातली एक थप्पी पेटली. लागली की लावली, हे कुणालाच सांगता येईना. सरकारनं मात्र अकोल्याहून पलटणीची एक तुकडी मागवून पहारा बसवला. माणसांची घरं पेटली असती तर पलटण आली असती का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारत नाही.

जानराव त्या तुकडीत शिपाई होता. अकोटकडच्या कुणब्याचा मुलगा, पाच वर्षं नोकरी झालेला. पहाऱ्याचा हुकूम सोपा होता. अंधारात, धुक्यात कुणी दिसलं की तीनदा ‘हुकुमदार!’ म्हणून ओरडायचं. समोरचा ‘फरेंड’, म्हणजे दोस्त, म्हणाला तर सोडायचं, नाही तर गोळी घालायची. मुळात गोरे साहेब ‘हू कम्स देअर’ म्हणत, म्हणजे कोण आहे तिकडं. शिपायांच्या तोंडी त्याचं ‘हुकुमदार’ झालं आणि साहेबांच्याही ते अंगवळणी पडलं. कळत नव्हतं ते फक्त ज्यांना ओरडून विचारायचं, त्या वऱ्हाडी माणसांना. आठच दिवसांपूर्वी एका शिपायानं ओळखीच्या गाडीवानाला ‘फरेंड’ न म्हणवताच आत सोडलं, तर सगळ्या तुकडीसमोर त्याची पाठ सोलून काढली होती. त्या पाठीला हळद जानरावानंच लावली होती.

पौषातली पहाट. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. थप्पीच्या अंगानं एक आकृती हलली.

“हुकुमदार!” जानराव ओरडला.

“मी कायचा हुकुमदार, बापा? मी टाकळीचा पुंजाराम. बैल सुटला माहा.”

“हुकुमदार!”

पहारेकऱ्याला कमी ऐकू येतं असं वाटून म्हातारा दोन पावलं पुढं आला आणि मोठ्यानं बोलला, “नाही म्हनलं नं! शिंगमोड्या बैल हाये. सरकीच्या वासानं इकडंच आला असन, तो पाहून राहिलो.”

जानरावाला शब्दन् शब्द समजला. त्याचा बाप असाच बोलायचा. ‘बाबा, फरेंड म्हना,’ एवढं सांगायचं होतं. पण हवालदार पलीकडच्या तंबूत कान टवकारून असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि ती सोललेली पाठ डोळ्यांपुढं आली.

“हुकुमदार!”

“अरे, मी कायचा—”

गोळी छातीत लागली.

दुपारी कप्तानसाहेबांनी चौकशी केली. मधे दुभाष्या म्हणून मुन्शी हरिहरपंत बसले होते. माणूस पुण्याकडचा, अक्षर मोत्यासारखं.

“तीनदा पुकारलंस. जबाब आला?” पंतांनी विचारलं.

“नाही जी,” जानराव म्हणाला.

‘जबाब मिळाला नाही’, असं पंतांनी लिहिलं. चौकशी संपली. साहेबांनी जानरावाला शाबासकी दिली.

बाहेर लिंबाखाली पुंजारामची बायको, गोदाबाई, बसली होती. जानराव दिसताच ती उठली. “शिपाईबुवा, काहीतरी म्हनलं असनच त्यायनं. मुके नव्हते ते.”

“काही नाही बोलले,” जानराव म्हणाला आणि पुढं गेला.

झालं. पहारेकऱ्यानं विचारलं आणि म्हातारा तोंड शिवून उभा राहिला, म्हणजे मनात पाप असणारच. संध्याकाळपर्यंत बाजारभर पुंजाराम आगलाव्या ठरला. टाकळीच्या लोकांनी तर मयताला खांदा द्यायलाही काचकूच केली. सरकारचा रोष ओढवून घ्यायला कुणाला हवा?

चौथ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, मोडक्या शिंगाचा एक बैल सरकीच्या ढिगात तोंड खुपसून उभा दिसला. गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं. जानराव त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बैल खुंट्याला बांधला आणि तडक साहेबांच्या तंबूत गेला.

“त्यानं जबाब देल्ला व्हता,” तो पंतांना म्हणाला. “तीन डाव देल्ला. मी खोटं बोललो. साहेबाले सांगा, काय शिक्षा असन ते द्या.”

पंतांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी काही विचारलं. पंत वळले. “साहेब विचारतात, तो ‘फरेंड’ म्हणाला का?”

“नाही. हुकुमदार नाही म्हने. बैल पाहून राहिलो म्हने.”

हे ऐकून साहेबांना हसू आलं. ते वाईट मनाचे नव्हते, पण हसले खरे. पंत म्हणाले, “अरे, मग जबाब आलाच नाही. लिहिलंय ते बरोबर आहे.”

“पन मले समजलं व्हतं, पंत!”

“समजलं की नाही, हे हुकमात विचारलेलंच नाही. तुझ्यावर काही दोष येत नाही. जा, बैल पोचता करून ये.”

मागूनही शिक्षा मिळेना, अशी जानरावाची गत झाली. बैल घेऊन तो दोन कोस चालत टाकळीला गेला. बैल पाहून गोदाबाई दारातून धावत आली आणि दावं धरणाऱ्याला पाहून थबकली. जानरावानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

“तुले समजलं व्हतं?” तिनं विचारलं.

“हो. सारं.”

ती बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “मले सांगून काय व्हते? गावाले सांग.”

चावडीवर माणसं होती. सरकारी डगला पाहून वामनराव पाटील लगबगीनं उठले. “या, बसा. तुमचा काही दोष नाही. तुमाले हुकूम व्हता.”

जानराव बसला नाही. त्यानं डोक्याची पगडी काढून हातात घेतली. “पाटील, पुंजाराम आगलाव्या नव्हता. बैल पाहाले आला व्हता. त्यानं मले तीन डाव सांगतलं. मले समजलं, अन् तरी म्या गोळी घातली.”

“हुकूमच तसा व्हता म्हना की,” पाटील चाचरत म्हणाले.

“हुकूम व्हता. पन समजलं मले व्हतं.”

चावडीच्या पायरीखाली गोदाबाई पदर सावरून उभी होती. “काय म्हनले ते?” तिनं विचारलं. “जसंच्या तसं सांग.”

जानरावानं सांगितलं, “मी कायचा हुकुमदार, बापा? मी टाकळीचा पुंजाराम.”

“हो,” गोदाबाई म्हणाली, “असेच बोलत ते.” आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती रडली.