पौर्णिमेला बंद ठेवलेले पंप

खडीच्या खाणीतल्या पंपामुळे टोफूवाल्या आ-तिएन काकांच्या विहिरीचं पाणी खाली जातंय, असा विहिरींची पातळी मोजणाऱ्या यु-शानला संशय होता. खाणीचा मुकादम मात्र म्हणायचा, "तुमच्या गल्लीतलेच पंप पाणी ओढतात, आमच्यावर कशाला ढकलता?" म्हणून तिने काकांना विनंती केली होती, की मंगळवारी तिची मोजणी होईपर्यंत पंप लावू नका.

मंगळवारी ती आली, तर दुकान बंद आणि दारात एक गिऱ्हाईक बाई तणतणत होती. "अहो, आज पौर्णिमा! आज कोणी मांस खाणार नाही, आणि तुम्ही टोफूच केला नाहीत?"

यु-शानचा चेहरा उतरला. तारीख ठरवताना तिने पंचांग पाहिलंच नव्हतं.

"काका, सांगायचं ना मला! मी दिवस बदलला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं," काका हसले. "मी पौर्णिमेला दुकान बंद ठेवतोय म्हटल्यावर लाँड्रीवालीला आणि शेवयावाल्याला नाही म्हणता येईना. कालपासून सगळ्या गल्लीचे पंप बंद आहेत. मोज आता."

तिने विहिरीत फीत सोडली. लांबून फक्त खाणीतल्या पंपाची घरघर येत होती. दुपारपर्यंत ती पुन्हा पुन्हा मोजत राहिली आणि पाणी उतरतच गेलं. आता मुकादमाला गल्लीकडे बोट दाखवता येणार नव्हतं.

"झालं का गं?" सकाळच्या बाईने परत येऊन विचारलं. "मग उद्या तरी टोफू मिळेल ना?"

"मिळेल, मावशी."

पंप लावायला सांगायला यु-शान स्वतः दारोदार गेली. प्रत्येक दारात ती आधी कमरेत वाकली, मगच बोलली.