कडू कॉफीची साक्ष

कोशी उपदेशींनी हलव्याचा तुकडा राहेलम्माच्या तोंडात घातला आणि बोटांना लागलेलं तूप स्वतःच चाटलं, तेव्हा शोशाम्माने तोंड फिरवलं. हे दर शुक्रवारचं होतं. केरळात पंपा नदीकाठच्या त्या गावात ख्रिस्ती मंडळीची घरोघरी पाळीपाळीने प्रार्थना व्हायची, पण शुक्रवार मात्र कायमचा शोशाम्माच्या घरी, कारण चमत्कार इथे राहत होता. चमत्कार म्हणजे शोशाम्माची सासू राहेलम्मा. साखरेचं दुखणं असून औषधाला न शिवणारी, डोळ्यांनी आंधळी आणि तरी ठणठणीत. येणारा जो तो काहीतरी गोड घेऊन यायचा. कुणी काळा हलवा, कुणी पायसम, कुणी गुळातली केळी. ते म्हातारीला भरवायचं आणि टक लावून बघत बसायचं, हिला काही होतं का. जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघतात ना, तसं.

काही व्हायचं नाही. कारण रोज पहाटे शोशाम्मा बिनसाखरेच्या काळ्या कॉफीत गोळी कुटून घालायची.

या मंडळीत औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. अंगावर सोनं नाही, कपाटात औषध नाही, ही इथली ओळख. राहेलम्माचे डोळे याच हट्टापायी गेले. आधी दिव्याभोवती कडी दिसायची, मग धुकं, मग काहीच नाही. उपदेशी म्हणाले की बाहेरचे डोळे मिटले आणि आतले उघडले. सगळ्यांनी हात वर करून स्तोत्र म्हटलं. पुढे एका सकाळी म्हातारी अंगणातच कोसळली. शोशाम्माचा नवरा मस्कतला, घरात दुसरं कुणी नाही. तिने रिक्षा बोलावली आणि सासूला नदीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर नर्सने तोंडात गोळी घातली, ती गिळताच सासूने शोशाम्माकडून वचन घेतलं, पुन्हा औषध नाही. शोशाम्माने वचन दिलं, आणि दुसऱ्याच सकाळी मोडलं. मंडळीत गोष्ट पोचली ती वेगळीच: राहेलम्मा मेली होती, प्रार्थनेने उठली.

तेव्हापासून वर्षं लोटली. शोशाम्मा गोळ्या नदीपलीकडच्या दुकानातून आणायची आणि तांदळाच्या डब्यात लपवायची. सासू सभेत साक्ष द्यायची की औषधाचा कण पोटात नाही, केवळ कृपा. मग त्या चमत्काराची सून म्हणून शोशाम्मालाही पुढच्या चटईवर जागा मिळायची. खोटं तिचंच होतं, आणि त्या खोट्याची चटई तिला मऊ लागायची. स्वतःची किळस यायची ती याचीच. प्रार्थना तर तिने केव्हाच सोडली होती. डोळे मिटून ओठ हलवायचे, मनात घरची कामं.

हे असंच चाललं असतं. पण त्या शुक्रवारी हलवा गिळून झाल्यावर उपदेशींनी जाहीर केलं की येत्या रविवारी मंडळीतल्या रेचलची लेक फेबा बरी होणार.

फेबा चौथीतली पोर. तिलाही साखरच, पण म्हाताऱ्या माणसांसारखी नव्हे. तिला दिवसातून तीनदा सुई लागायची, आणि सुई बंद झाली तर पोर दोन-चार दिवसांत हातची जाईल हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रेचलला बजावून सांगितलं होतं. ती सुयांची निळी पिशवी रेचलने रविवारी वेदीपुढे ठेवायची, राहेलम्माने पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि पिशवी परत न्यायची नाही. रेचल रडत होती आणि हसत होती. फेबा हलव्याच्या ताटाकडे बघत होती, तिला तो कुणी देत नव्हतं.

शनिवारी शोशाम्मा रेचलच्या घरी गेली. रेचल मागच्या अंगणात कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, सोलत होती. शोशाम्माने सगळं सांगितलं. कॉफी, गोळी, तांदळाचा डबा, काही म्हणता काही ठेवलं नाही. शेवटी गोळ्यांचं पाकीट पदराखालून काढून दाखवलं.

रेचलने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चेच्ची," मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं ती म्हणाली, "या गोळ्या तुमच्या स्वतःच्या असतील."

"माझ्या कशाला असतील? मला काय झालंय?"

"सासूला सगळे मान देतात, ते तुम्हाला बघवत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे ते." रेचलने कप्प्याची साल खस्सकन ओढली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या अम्मच्चीने अख्खी वाटी पायसम खाल्लं आणि वर उठून गाणं म्हटलं. माझ्या पोरीला रोज तीनदा टोचते मी. तुम्हाला पोर नाही. तुम्हाला काय कळणार?"

शोशाम्मा तशीच परतली. वाटेत रबराच्या बागेतून साठलेल्या चिकाचा आंबूस, कुजका वास येत होता, आणि तिला वाटलं, हा वास बागेचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. उपदेशींकडेही ती गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते लबाड असते तर बरं झालं असतं, पण त्यांचा खरोखरच विश्वास होता. त्यांनी तिला समजावलं की गोळीने काहीही झालेलं नाही, जे झालं ते प्रार्थनेने, गोळी तिने उगाच घातली. आणि हे सभेत बोललीस तर एका लेकराचा विश्वास तोडल्याचं पाप तुझ्या माथी. बोलताना ते केळ्याची भजी खात होते. एक त्यांनी तिलाही देऊ केली.

राहता राहिली सासू. तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नसता. पण सासूला सांगायचं म्हणजे तिच्या हातातली एकुलती एक काठी काढून घ्यायची. डोळे गेले, नवरा गेला, मुलगा मस्कतला. आता तिला सांगायचं की तुझा देवही कॉफीतून येत होता? रात्री जेवण वाढताना शोशाम्माने दोनदा सांगायचं ठरवलं आणि दोनदा सासूच्या ताटात आणखी भात वाढला. म्हातारी मासा चाचपत म्हणाली, "काटे नीट काढ. लक्ष कुठे असतं तुझं?"

रविवारी सकाळीही शोशाम्माने गोळी कुटली. थोडी पूड ओट्यावर सांडली. तिने ती बोटाने गोळा करून कॉफीत टाकली.

सभेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरे पदर, पुरुषांच्या पांढऱ्या मुंडू-लुंग्या, घाम आणि खोबरेल तेलाचा वास. रेचलने निळी पिशवी आणून वेदीपुढे ठेवली. शेजारी फेबा उभी, केसांना तेल, पायांत नवे मोजे. साक्षींची वेळ होती. एकाने पावसात छत्री मिळाल्याची साक्ष दिली, दुसऱ्याने दुबईचा व्हिसा आल्याची. दर साक्षीला हल्लेलुया. मग शोशाम्मा उभी राहिली.

"माझी साक्ष," ती म्हणाली, "अम्मच्चीच्या कॉफीबद्दल आहे. मी रोज त्यात..."

उपदेशींनी टाळी वाजवून गाणं सुरू केलं. या मंडळीत ही पद्धतच आहे. साक्ष वाकडी जायला लागली की गाणं उचलायचं, म्हणजे माणूस आपोआप खाली बसतं. खंजिऱ्या वाजू लागल्या, टाळ्या वाढल्या. शोशाम्मा ओरडली, गोळी, गोळी, पण तिचं तिलाच ऐकू येईना. तिने पाकीट वर धरलं. लोकांनी डोळे मिटले होते. गाताना डोळे मिटायचे हीसुद्धा पद्धतच. असली भक्ती थुंकून टाकावी असं तिला वाटलं, आणि तरी ती पाकीट वर धरून उभीच राहिली.

तेवढ्यात राहेलम्माने काठी जमिनीवर आपटली. पुन्हा आपटली. गाणं विरत गेलं. अम्मच्चीला दर्शन झालं असणार, म्हणून सगळे कान देऊन बसले.

"दर्शन नाही," म्हातारी म्हणाली. "चव. माझे डोळे गेलेत, जीभ नाही गेली."

कुणाच्या काही लक्षात येईना.

"कॉफी पहिल्या दिवसापासून कडू आहे. कॉफीची कडू नव्हे, औषधाची. दवाखान्यात दिलेल्या गोळीचीच चव. मला तेव्हाच कळलं." ती थांबली, तिला दम लागत होता. "गप्प बसले. तुम्ही मला पुढे बसवत होतात, हलवा भरवत होतात. वचन मोडल्याचं पाप सुनेच्या माथी आणि चमत्कार माझ्या. बरं चाललं होतं माझं."

उपदेशी हळूच म्हणाले, "अम्मच्ची, सैतान विश्वास ढळवायला बघतो."

"माझे डोळे कुणी नेले, कोशी? सैतानाने?" तिचा आवाज चढला नाही. "देवाने मागितले नव्हते ते. मी हट्टाला दिले आणि तुम्ही हल्लेलुया म्हटलंत. आतले डोळे उघडले म्हणालात. उघडले असतील, तर त्यांना एवढंच दिसलं की ही पोर माझ्यावर मनातून चिडते आणि तरी रोज पहाटे उठते. दुसरं काही दिसलेलं नाही मला. रेचल, पिशवी उचल."

रेचल हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग होता. ज्याच्यासाठी ती एवढं रडली-हसली होती ते कुणी तरी तिच्या हातातून हिसकावून घेतलं होतं.

"उचल," म्हातारी म्हणाली. "या हाताने मी तिच्या डोक्याला शिवणार नाही."

फेबानेच वाकून पिशवी उचलली. आईचा हात धरून ती मागच्या खांबाआड गेली आणि तिने फ्रॉकची बाही वर केली. दुपारची सुई तिला ठाऊक होती. रेचलच्या हातून दोनदा टोपण निसटलं. उपदेशींनी पुन्हा गाणं उचललं, पण या वेळी त्यांना साथ मिळाली ती एकाच खंजिरीची.

शोशाम्मा सासूचा हात धरून तिला घरी घेऊन आली. पुढची चटई गेली हे दोघींनाही कळत होतं. पुढच्या शुक्रवारी कुणी येणार नव्हतं, हलवा नव्हता, आणि मस्कतला बातमी पोचली की नवरा काय म्हणेल हाही घोर होताच. दुसऱ्या दिवशी पहाटे शोशाम्माने सवयीने कॉफी टाकली आणि बत्ता हातात घेतला.

"कुटू नकोस," ओसरीवरून सासू म्हणाली. "ऐकू येतं मला. रोज येतं. अख्खी दे."

शोशाम्माने गोळी आणून तिच्या तळहातावर ठेवली. म्हातारीने ती अंगठ्याने चाचपली, जेवणाच्या ताटापुढे करतात तशी मान खाली घातली, आणि न दिसणारे डोळे घट्ट मिटले. देवाने दिलेल्या या घासासाठी आणि तो देणाऱ्या हातांसाठी तिने आभार मानले. ओठ हलत होते, आवाज जेमतेम येत होता.

शोशाम्मा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. प्रार्थना संपली तेव्हा आमेन म्हणायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"आमेन," ती म्हणाली, आणि तिने पेला पुढे केला.