हाताखालचा तळवा

"आई, सोड आता," थोरलीनं पुन्हा एकदा सांगितलं.

डोळ्यांवर व्हीआर खेळाचं ते जाडजूड खोकं बांधून आई थोरलीच्या ऑफिसातल्या खोलीच्या मधोमध उभी होती. हातातला कंट्रोलर तिनं असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. तिला दिसत होतं तेच समोरच्या पडद्यावरही दिसत होतं: हिरवी टेकडी, आणि मुठीत फडफडणारा पक्षी. मूठ उघडली की पक्षी उडणार, एवढाच खेळ.

मूठ उघडायची ही कल्पना थोरलीची. बटणबिटण नाही, खऱ्यासारखा हात उघडायचा. त्यापायी तिनं रात्रीचा दिवस केला होता. आज वयस्कर माणसांना जमलं तर कल्पना राहणार, नाहीतर तिचे साहेब म्हणत होते ते बटण येणार. आणि सकाळपासून आलेल्या एकाही आजी-आजोबांनी पक्षी सोडला नव्हता. का, ते कुणाला कळेना. सांगून सांगून थोरलीच्या नाकी नऊ आले, तेव्हा शेवटी तिनं आईलाच घरून बोलावून घेतलं.

"अगं, मनगटाला पट्टा बांधलाय. पडणार नाही."

"तो दिसतोय कुठं मला?" आई म्हणाली. "महागाची वस्तू आहे बाई. फुटली तर तुला बोलणी बसायची."

म्हणजे सकाळपासून सगळे पडेल म्हणूनच भीत होते तर. थोरलीला हसूही आलं नाही, इतकी ती दमली होती. तिनं पुढे होऊन आईच्या मुठीखाली आपला तळवा धरला.

"माझा हात आहे खाली. आता सोड."

आईची बोटं लगेच सैल झाली. पक्षी उडाला.

"अगंबाई, गेला की," आई म्हणाली, आणि मान वर करून बघतच राहिली.

साहेब मागे बसून पडदाच बघत होते; मुठीखालचा तळवा त्यांना दिसलाच नव्हता.

"जमलं की त्यांना. पास लिही आणि घरी जा बघू. तोंड बघ कसं झालंय तुझं."

थोरली संगणकापुढे बसली. घरी जाऊन नुसतं आडवं व्हावं, एवढंच तिला वाटत होतं. तळव्याला आईच्या बोटांची ऊब अजून जाणवत होती.

"जमलं ना गं मला?" आईनं विचारलं.

"छान जमलं, आई."

तिनं 'नापास' लिहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "बटणच घेऊ या."