तव्यावरचे सुतळी बॉम्ब

पावसात भिजलेले नऊ सुतळी बॉम्ब आदिनाथनं आईच्या तव्यावर वाळत घातले, तेव्हा आपण काही चुकीचं करतोय असं त्याला मुळीच वाटलं नाही.

भवानी पेठेतल्या त्या घरात त्याची आई बजाबाई विकायला कडक भाकरी करायची. शेवटची भाकरी झाली की चूल विझवायची आणि उरलेल्या उबेवर भाकऱ्या पापडासारख्या वाळवायची. जी ऊब भाकरीतलं पाणी काढते, ती दारूतलंही काढेल, असा एकोणीस वर्षांच्या, बारावी सायन्स झालेल्या आदिनाथचा तर्क होता. चुलीत एक निखारा जिवंत होता, एवढंच त्यानं धरलं नव्हतं.

एका वातीतून धूर निघाला. पळायचं सोडून त्यानं तो बॉम्ब उचलला आणि गोळाफेकीच्या पवित्र्यात अंगणाकडे भिरकावला. डिसेंबरात पोलीस भरती होती. हाताला तेवढीच सवय. बॉम्ब वीतभर गेला आणि फुटला. बाकीच्या आठांवर बजाबाईनं बादली उपडी केली.

दवाखान्यात डॉक्टर निवेदितांनी उजवा हात समोर घेतला.

"डोळे मीट. कापूस कुठल्या बोटाला लागतोय ते सांग."

"अंगठा... मधलं... करंगळी."

"आता?"

"आता काय न्हाय."

"नीट सांग."

"लावलाय का तुमी?"

आदिनाथनं डोळे उघडले, तर कापूस बोटावरच होता. अंगठ्याशेजारचं बोट गेलं, तर कुठली भरती आणि कुठली वर्दी!

"बाई, बोट काढावं लागतंय व्हय?" बजाबाईचा आवाज फाटला.

डॉक्टरांनी वाकून चिमट्यानं बोटावर हलकेच वाजवलं. टक टक.

"मावशी, हे काय लावलंय?"

"शेजारच्या नागम्मानं दाताची पेस्ट लावली. त्यावर मी हळद दाबली. वाळली की आता."

"म्हणजे एवढा वेळ मी तुमच्या गिलाव्याला विचारत होते. भाजल्यावर नळाखाली हात धरायचा, वीस मिनिटं. दुसरं काहीही नाही."

त्यांनी सलाइननं भिजवून तो थर हळूहळू सोडवला आणि कापूस टेकवला.

"आई गं! मेलो!"

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "बोट शाबूत आहे. जखम डिसेंबरपर्यंत भरेल."

बजाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"लई लागलं का रं?"

"लई!"

तिनं डॉक्टरांपुढं हात जोडले.

"बाई, आनखी एकदा लावा की."